घरच्या बिअरला फेस हवा? आधी कायदा, मग थंडावा, मग गॅस

पडाव (ग्वाल्हेर), प्रतिनिधी : इकडच्या मराठी घरांतली मुलं नोकरीनिमित्त पुणे-बंगळुरूच नव्हे, तर लंडन-अमेरिकेपर्यंत पोचली आहेत. तिकडे काहींना घरी बिअर बनवायचा छंद लागतो. मग इथला भाऊ फोनवर विचारतो, "आपल्याकडे जमेल का?" उत्तराचे दोन भाग आहेत.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या वापराच्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मुभा मिळाली. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं मात्र २०१३ मध्ये तयार झाली. आपल्याकडे तसं नाही. मध्य प्रदेशात १९१५ चा आबकारी कायदा आहे, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा. गोवा-कर्नाटकातही परवाना लागतोच. म्हणजे सीमा ओलांडली तरी विनापरवाना घरी बिअर गाळणं गुन्हाच. परदेशातल्या वाचकांनी खालची रीत बिअरला वापरावी. इथल्यांनी साधा सोडा, लिंबू किंवा आल्याच्या सरबताला. यंत्र तेच, गणितही तेच.

केग म्हणजे काय?

केग म्हणजे घट्ट झाकणाची स्टीलची टाकी. घरगुती वापरात साधारण १९ लिटरची चालते. पूर्वी ती कोला कंपन्यांच्या पाकासाठी वापरत. तिला दोन तोंडं असतात : एकातून गॅस आत जातो, दुसऱ्यातून पेय बाहेर येतं. झाकणावर जास्तीचा दाब सोडायची झडप असते. सोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या आणि एक फ्रिज. बाटलीत साखर घालून फेस आणण्यापेक्षा हे सोपं, कारण दाब आपल्या हातात राहतो. बाटलीत आंबणं अर्धवट राहिलं असेल, तर उन्हाळ्यात काच फुटू शकते.

थंडावा का हवा?

सगळी मेख इथे आहे. साध्या हवेच्या दाबाखाली शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर गॅस विरघळतो. २५ अंशांना पाऊण लिटर, ४० अंशांना जेमतेम अर्धा. मे महिन्यात पडावात पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा बाहेर ठेवलेल्या केगला कितीही गॅस द्या, नळ उघडताच सगळा फेस होऊन उडतो आणि ग्लासात उरतं सपक पाणी. म्हणून आधी पेय ४ अंशांपर्यंत गार करा.

पायऱ्या

१. बिअरचं आंबणं पूर्ण झालंय ना, ते बघा. हायड्रोमीटरचा आकडा सलग दोन-तीन दिवस तोच राहिला पाहिजे. सरबत असेल तर गाळून घ्या, नाहीतर चोथ्याने नळी तुंबते.

२. केग धुऊन निर्जंतुक करा. पेय नळीने, न हिंदकळता भरा. वर थोडी जागा ठेवा.

३. झाकण लावून गॅस सोडा, झडप उघडून हवा काढा. असं तीन-चार वेळा करा. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे.

४. बिअरसाठी ४ अंशांना १२ पीएसआय ठेवा आणि आठ-दहा दिवस थांबा. सोड्याला जास्त चुरचुरीतपणा हवा, म्हणून ३० च्या आसपास. म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेइतका दाब.

५. नुसताच फेस येत असेल तर नळी फार आखूड आहे का बघा. बारीक नळी साधारण दहा फूट लांब असली की धार शांत येते.

घाई असेल त्यांनी ३० पीएसआयवर एक दिवस ठेवून, जास्तीचा दाब सोडून, १२ वर आणावं. पण आठवडाभर थांबणाऱ्याला गॅसचा अंदाज चुकण्याची भीती कमी.

सिलिंडरशी खेळ नको

२० अंशांना या सिलिंडरमध्ये सुमारे ८३० पीएसआय दाब असतो. ३१ अंशांच्या वर गॅस द्रवरूपात राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. भरलेला सिलिंडर ४५ अंशांना जवळपास दुप्पट दाबावर जातो. म्हणून गच्चीवर किंवा उन्हातल्या गाडीत तो ठेवू नये. उभा ठेवून साखळीने बांधावा. रेग्युलेटरशिवाय केगला कधीही जोडू नये. घेताना नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो'ची मान्यता आणि दाब-चाचणीची तारीख बघा. ही चाचणी दर पाच वर्षांनी लागते. गॅसही खाद्यपदार्थांच्या दर्जाचाच मागा.

हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड. गळला तर बंद खोलीत जमिनीलगत साठतो आणि जीव गुदमरतो. तेव्हा खिडकी उघडी ठेवा. डोकं दुखायला किंवा धाप लागायला लागली तर वाकून गळती शोधत बसू नका. आधी बाहेर या, खोली मोकळी होऊ द्या.