जुन्या डिझेल गाडीची आगाऊ निगा

आपल्या संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती व हिशेब या विषयांवर जाणकार बंधू प्रतिवर्षी लिहीत असतात. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, बेळगावच्या रविवार पेठेत चाळीस वर्षे धान्याची घाऊक विक्री करणारे. यंत्रविद्येचे आम्ही अधिकारी नव्हेत. तथापि संपादक मंडळाने ‘काही उपयोगी लिहा’ असा आग्रह धरला, तेव्हा जे ज्ञान आम्ही रोख पैसे मोजून व मातोश्रींची बोलणी खाऊन विकत घेतले, तेच सभासद बंधूंपुढे ठेवावे असे आम्ही ठरविले. व्यापाऱ्याने जुनी डिझेल गाडी विकत घेतल्यावर पहिल्या महिन्यात तिची कोणती निगा राखावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

सन 2018 च्या जानेवारीत आम्ही मागे लांब डिकी असलेली, ‘एस्टेट’ म्हणतात त्या जातीची एक डिझेल मोटार घेतली. गाडी 2009 सालची, महाराष्ट्रात नोंदलेली, आणि मीटरवर 1,12,000 किलोमीटर. धान्याचे नमुने, दोन-चार पोती व घरची मंडळी एकाच वाहनात मावावीत एवढाच आमचा हेतू होता. आपल्या देशात या जातीच्या गाड्या फारशा खपल्या नाहीत. 1992 मधील टाटा इस्टेट व 2004 मधील इंडिगो मरीना ही त्यांतील परिचित नावे. आमच्या गाडीचे नाव मात्र आम्ही येथे देत नाही; कारण पुढे जे घडले त्यात दोष गाडीचा नसून आमचा होता.

गाडी आणली त्याच आठवड्यात आमच्या मिस्त्रीने सांगितले, ‘शेटजी, टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद पुस्तकात नाही. आधी तो बदलून घ्या.’ खर्च सुमारे 7,000 रुपये होता. इंजिन सुरेख चालत होते. न बिघडलेल्या वस्तूवर पैसा का घालावा, असा विचार करून आम्ही ते काम दिवाळीपर्यंत पुढे ढकलले. मे महिन्यात मातोश्रींच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही कोल्हापुरास निघालो. तवंदी घाटात गाडी एकाएकी मूक झाली. ना धूर, ना आवाज. रणरणत्या उन्हात चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री दोन तास एका झाडाखाली बसून होत्या. अखेर एका भल्या टेंपोवाल्याने आम्हांस निपाणीपर्यंत सोडले. शस्त्रक्रियेची ठरलेली वेळ हुकली व पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. इंजिन उघडले तेव्हा पट्टा तुटून व्हॉल्व्ह वाकल्याचे दिसले. दुरुस्तीचा आकडा 42,000 रुपयांवर गेला.

त्या रात्री मातोश्री एवढेच म्हणाल्या, ‘अरे बाळ, तूर कीड लागायच्या आधी उन्हात घालतोस ना? का कीड लागल्यावर घालतोस?’ या एका प्रश्नात आगाऊ निगेचे सारे शास्त्र आले. आमच्या गोदामात पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवतात, थप्पी भिंतीपासून दूर लावतात, जुना माल आधी काढतात. हे सर्व आम्ही माल चांगला असतानाच करतो. मग गाडीलाच निराळा न्याय का?

प्रथम यंत्राचा स्वभाव

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन 1897 मध्ये यशस्वी झाले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. यात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती अतिशय तापते, आणि तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनात हवा साधारणतः दहापट दाबली जाते, तर डिझेल इंजिनात सोळा ते बावीस पट. एवढ्या दाबासाठी पिस्टन वर आला म्हणजे त्याच्या माथ्यावर फारच थोडी जागा उरते. व्हॉल्व्ह व पिस्टन यांची वेळ जुळविण्याचे काम पुष्कळ इंजिनांत रबरी दातेरी पट्टा करतो. तो तुटला की वेळ चुकते, आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो.

हा पट्टा केवळ किलोमीटरने झिजत नाही. वयानेही रबर कडक होऊन तडकते. म्हणून कंपनीच्या पुस्तकात अंतर व वर्षे अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात. जी आधी येईल ती पाळावी. जुन्या गाडीच्या बाबतीत लेखी पुरावा नसेल तर पट्टा बदललेला नाही असेच धरून चालावे. तोंडी हवाला म्हणजे पावतीवाचून जमा! पट्ट्याबरोबर त्यास ताण देणारी व वळण देणारी चाके, आणि त्याच पट्ट्यावर चालत असल्यास पाण्याचा पंपही बदलावा. नाहीतर जुन्या चाकाचे बेअरिंग अडकून नवा पट्टा तुटतो. काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. आपल्या गाडीत काय आहे हे आधी विचारून घ्यावे.

चार द्रवपदार्थ

इंजिनचे ऑइल व त्याचे फिल्टर खरेदीनंतर लगेच बदलावे. मागील मालकाने कधी व कोणते ऑइल घातले हे आपणांस ठाऊक नसते. डिझेल गाडीत नवे ऑइलही काजळीमुळे लवकर काळे पडते. तेवढ्यावरून ते निकामी झाले असे समजू नये. हिशेब तारखेचा व किलोमीटरचा ठेवावा. दर आठवड्यास गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या वर असणे हाही दोषच होय.

दुसरा द्रव कूलंट. नळाचे पाणी भरण्याची आपल्याकडील सवय घातक आहे. पाण्यातील क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात व आतून गंज धरतो. पुस्तकात सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून भरावे. त्याने गंज थांबतो व उकळण्याचा अंशही वाढतो. कूलंट वारंवार कमी होत असेल तर नुसते भरत राहू नये. गळती शोधावी, अन्यथा एके दिवशी इंजिन तापून हेड गॅसकेट जाते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील वाफेने हात व चेहरा भाजतो.

तिसरा द्रव ब्रेक ऑइल. बहुतेक गाड्यांतील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की त्याचा उकळण्याचा अंश उतरतो. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरताना ब्रेक सतत तापले तर आत वाफ होते आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. यास्तव दर दोन वर्षांनी ते बदलावे, आणि घाट उतरताना खालच्या गिअरात उतरावे.

चौथा द्रव खुद्द डिझेल. त्यात पाणी मिसळले की पंप व नॉझल यांचा नाश होतो. कारण त्यांतील भाग केसाहूनही सूक्ष्म मापाने बसविलेले असतात. डिझेल फिल्टर खरेदीनंतर लगेच बदलावा. ज्या फिल्टरखाली पाणी काढण्याचा स्क्रू असतो, त्यातील पाणी वेळोवेळी, विशेषतः पावसाळ्यात, काढून टाकावे. टाकी रिकामी ठेवली तर आतील दमट हवेचे पाणी होते. ती निदान अर्धी भरलेली ठेवणे श्रेयस्कर.

हवा, उष्णता व वीज

आमच्या पेठेत कोंडा व धूळ यांस तोटा नाही. ही धूळ एअर फिल्टरमध्ये साचते, इंजिनास हवा अपुरी पडते आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघू लागतो. पुस्तकातील मुदत स्वच्छ रस्त्यांसाठी असते. धान्यबाजारात वावरणाऱ्या गाडीचा फिल्टर त्याच्या निम्म्या अंतरावरच पाहावा.

पहाटे गाडी सुरू होण्यास वेळ लावीत असेल तर बॅटरीस दोष देण्यापूर्वी हीटर प्लग तपासावेत. ते प्रारंभी इंजिनातील हवा तापविण्यास मदत करतात. चारांतील एक-दोन निकामी झाले तरी गाडी थंडीत रडते. डिझेल इंजिन फिरविण्यास स्टार्टरला अधिक जोर लागतो. म्हणून बॅटरीची टोके व अर्थिंगची तार स्वच्छ व घट्ट असावी. टर्बो असलेली गाडी घाट चढून आल्यावर एकदम बंद करू नये. मिनिटभर सावकाश चालू ठेवल्याने टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळते व ते थंड होते.

आणखी एक शत्रू आम्हां धान्य व्यापाऱ्यांचा जुना परिचित आहे, तो म्हणजे उंदीर. दुकानाशेजारी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या तारा त्याने एकदा कुरतडल्या, तेव्हापासून आम्ही गाडी गोदामापासून दूर लावतो, डिकीत दाणा उरू देत नाही व आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहतो.

लांब डिकीची विशेष काळजी

डिकीचा मागचा दरवाजा घट्ट बसतो की नाही, त्याचे रबर फाटलेले नाही ना, हे आवर्जून पाहावे. दरवाजा उघडा ठेवून गाडी चालविली तर सायलेन्सरचा विषारी धूर मागून आत ओढला जातो. सामान लांब आहे म्हणून दरवाजा दोरीने बांधून जाण्याचा मोह टाळावा. स्टेपनीखालील खोलगट जागेत पाणी साचून पत्रा गंजतो. सतरंजी उचलून तेथे हात फिरवावा.

पाच पोती म्हणजे 250 किलो, अर्थात सुमारे चार माणसांचे ओझे. डिकी मोठी आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. मागील स्प्रिंग बसले आहेत काय, शॉकअब्सॉर्बर गळतात काय हे पाहावे, व ओझ्याप्रमाणे टायरमधील हवा दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीनुसार ठेवावी. पोते बांधल्याविना कधीही ठेवू नये. अचानक ब्रेक लागताच ते पुढील माणसाच्या पाठीवर येते. टायरचे वयही वाचता येते. कडेवरील चार आकड्यांत पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी तडे गेलेला जुना टायर टाकून द्यावा.

कागदपत्रांची निगा

आम्हां सीमाभागातील मंडळींचा व्यवहार दोन राज्यांत चालतो. महाराष्ट्रातील गाडी कर्नाटकात आणून बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची असेल तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे नमुना 28 चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मालकी बदलण्यास नमुना 29 व 30 लागतात. विम्यावरील नाव बदलण्यासाठी खरेदीपासून चौदा दिवसांत अर्ज करावा. गाडीवर कर्ज असल्यास बोजा उतरल्याची नोंद पाहिल्याविना पैसे देऊ नयेत.

तवंदी घाटातील त्या दिवसानंतर आम्ही गाडीची एक स्वतंत्र वही घातली. डाव्या पानावर काम, तारीख व किलोमीटर. उजव्या पानावर पुढील मुदत. दिवाळीस वहीपूजन होते तेव्हा तीही पाटावर असते. 2024 मध्ये गाडीस पंधरा वर्षे पूर्ण होऊन नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी झाली. धुराच्या परीक्षेत इंजिन जोराने फिरवितात, तेव्हा जुना पट्टा असता तर आमचा जीव टांगणीस लागला असता. वही उघडून पाहिली. मुदत शिल्लक होती. गाडी उत्तीर्ण झाली. त्या दुरुस्तीनंतर आजवर तिने आम्हांस रस्त्यात उभे केलेले नाही.

जुनी गाडी घेणाऱ्या बंधूंना आमची एकच विनंती आहे. किंमत ठरविताना पहिल्या महिन्याच्या निगेचा खर्च त्याच किमतीत धरावा, म्हणजे तो पुढे ढकलण्याची बुद्धी होणार नाही. पट्टा, ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल व टायर एवढे झाले की मगच घरच्या मंडळींना तीत बसवावे.

मातोश्रींनी आता नव्वदी ओलांडली आहे. पुढे झालेल्या शस्त्रक्रियेने त्यांस दिसू लागले, आणि आजही प्रवासाला निघताना त्या प्रथम विचारतात, ‘पट्टा कधी बदललास?’ आम्ही वही दाखवितो. तारीख वाचतात आणि मगच गाडीत पाऊल ठेवतात.