हवा मानवली नाही म्हणून

जालन्याच्या मस्तगडात एक विहीर आहे. तिच्या पोटात भोवतीनं सज्जे आणि खोल्या काढलेल्या. हा बालेकिल्ला १७२५ मध्ये काबिलखानानं उभारला, तो निजामुल्मुल्काच्या हुकमावरून. औरंगाबादेपेक्षा जालन्याची हवा निजामाला जास्त मानवायची, असं जुनं गॅझेटियर सांगतं. या गृहस्थाच्या चरित्रात ‘हवा’ हा शब्द मात्र जरा जपून वाचावा लागतो.

निजामाचं मूळ नाव मीर कमरुद्दीन, जन्म १६७१. घराणं समरकंदकडचं, तुराणी, म्हणजे मध्य आशियातलं. आजोबा १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफगोळ्यानं गेले. वडील गाजीउद्दीन प्लेगात आंधळे झाले, तरी सरदारकी सुटली नाही. पोरगा औरंगजेबाच्या दक्षिणेतल्या छावण्यांत तयार झाला.

१७२२ मध्ये तो दिल्लीत वजीर झाला. वजीर पन्नाशीचा, बादशहा महंमदशहा जेमतेम विशीचा. वजिरानं सांगितलं, खालसा मुलूख इजाऱ्यानं देणं बंद करा, ‘पेशकश’ म्हणून चाललेली लाच थांबवा, जहागिऱ्या नव्यानं वाटा. जिझिया परत बसवा, हेही त्याच यादीत होतं; तेव्हा त्याला सुधारक म्हणून डोक्यावर घ्यायची घाई नको. ज्यांचे हात ओले होत होते, त्यांनी त्याच्या औरंगजेबी पोशाखाची आणि जुन्या अदबीची टवाळी चालवली. १७२३ च्या अखेरीस वजिराला दिल्लीची हवा सोसेना. हवापालट आणि शिकार असं निमित्त सांगून स्वारी निघाली आणि पुढे दक्षिणेच्या वाटेला लागली.

दिल्लीनं त्याच्याकडची दक्षिणेची सुभेदारी परस्पर हैदराबादच्या मुबारिजखानाला देऊन टाकली. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी दोघे साखरखेर्ड्याला भिडले. हे गाव आज बुलढाणा जिल्ह्यात, जालन्याच्या शेजारी. मुबारिजखान पडला. बादशाही हुकूम खरं तर त्याच्याकडे होता. पण निजामानं त्याचंच शीर ‘बंडखोराचं’ म्हणून दिल्लीला पाठवलं, वर अभिनंदनही केलं! बादशहानं गिळलं आणि ‘आसफजाह’ किताब दिला. आसफ हा सुलेमान पैगंबराचा वजीर. इस्तंबूलच्या उस्मानी दरबारातही वजिराला हीच उपमा. तिथल्या लुत्फी पाशानं वजिरीवर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘आसफनामा’. म्हणजे वजिरी टाकून आलेल्याच्या गळ्यात आदर्श वजिराचं नाव पडलं.

आपल्याला निजाम आठवतो तो पालखेडला आणि भोपाळला बाजीरावापुढे नमलेला. तेही खरंच. पण दिल्लीशी उघड फारकत त्यानं कधी घेतली नाही. खुतबा आणि नाणं शेवटपर्यंत बादशहाच्याच नावाचं. १७३९ मध्ये नादिरशहा चालून आला, तेव्हा तहाच्या बोलण्यांसाठी याच म्हाताऱ्याला पुढे करावं लागलं.

१७४८ मध्ये तो बुऱ्हाणपुरात वारला. पुरलं खुलताबादेत, औरंगजेबाच्या कबरीसमोरच्या दर्ग्यात.