पाळीचे दुखणे आणि भांगेचे तेल

‘‘डॉक्टर, एन्डोमेट्रिओसिसवर भांगेचं तेल चालतं म्हणे. घेऊ का?’’ हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुली हल्ली ओपीडीत हा प्रश्न विचारू लागल्या आहेत. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. त्याच तालुक्यात ताम्हिणीकडच्या वाडीतली बाई ओव्याचा काढा पिऊन, पोट आवळून भातलावणीला उभी राहते. तिच्यापर्यंत हे तेल पोहोचलेले नाही, पण ‘लग्न झालं की दुखायचं थांबेल’ हे वाक्य दोघींनीही ऐकलेले असते.

आधी आजार समजून घेऊ. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर या आजारात गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोश, ओटीपोट, कधी आतडे किंवा मूत्राशय इथे वाढते. त्यामुळे आत सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत, संबंधाच्या वेळी, कधी शौचाला किंवा लघवीला जातानाही दुखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. निदानाला मात्र कित्येक वर्षे लागतात, कारण पाळी म्हटली की दुखणारच असे घरचे म्हणतात आणि दुर्दैवाने काही डॉक्टरही म्हणतात.

आता तेलाकडे वळू. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. आपले शरीर स्वतःच भांगेतल्या द्रव्यांसारखी रसायने तयार करते. त्यातल्या एकाला शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये ‘आनंदामाइड’ नाव दिले, ते आपल्या ‘आनंद’ या शब्दावरूनच. ही रसायने ज्यांना चिकटतात ते ग्राहक मज्जासंस्थेत असतात, तसे गर्भाशयातही. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात टीएचसी या मादक घटकाने दुखणे कमी झाले. ऑस्ट्रेलियातील एका ऑनलाइन पाहणीत, स्वतःहून काही ना काही उपाय करणाऱ्या रुग्णांपैकी १३ टक्के जणी भांग-गांजा वापरत होत्या आणि वेदना कमी होण्याला त्यांनी १० पैकी सरासरी ७.६ गुण दिले.

गुण चांगले आहेत, पण ते दिले कोणी? ज्यांना उतार पडला नाही, त्यांनी वापर केव्हाच सोडला असणार. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला हुबेहूब दिसणारे निरौषध तेल देऊन झालेली मोठी, भक्कम चाचणी या आजारात अजून हाताशी नाही. शिवाय वेदनेच्या बाबतीत ‘औषध घेतले’ या भावनेनेच बराच उतार पडतो. म्हणून तशा चाचणीशिवाय मी हे तेल लिहून देणार नाही.

कायद्याचाही गोंधळ आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे आणि चरस यांवर बंदी आहे. नुसती पाने त्या व्याख्येत येत नाहीत. पानांपासून केलेली औषधे आयुर्वेदिक परवान्यावर ‘विजया’ या नावाने विकली जातात. हा परवाना खोटा नसतो. पण तो मिळवायला नव्या अॅलोपॅथिक औषधासारख्या मोठ्या चाचण्या लागत नाहीत, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. आणि ओळखीच्या माणसाने आणून दिलेल्या बिनलेबलच्या बाटलीत काय आहे, ते देव जाणे.

टीएचसीने गुंगी येते, छातीत धडधडते, काहींना विनाकारण भीती वाटते. ते घेऊन दुचाकीवर घाट उतरू नये. घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर त्यापासून दूरच राहावे. भांगेतला दुसरा घटक, सीबीडी, रक्त पातळ करणाऱ्या आणि फिट्सच्या काही औषधांचा परिणाम वाढवतो. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील तर ही द्रव्ये घेऊच नयेत. गरोदरपणातील वापराचा संबंध बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे. या आजाराच्या कितीतरी रुग्ण मूल होण्यासाठीच उपचार घेत असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मला खरी काळजी आहे ती वाया जाणाऱ्या वेळेची. तेलाने थोडी झोप लागते, तपासणी पुढे ढकलली जाते आणि तोवर बीजकोशातली ‘चॉकलेट सिस्ट’ वाढत राहू शकते. उपचार तर आहेत. दुखणे सुरू होताच, काही खाऊन घेतलेली मेफेनामिक अॅसिडसारखी गोळी, गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट, गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन (ही तांबी नव्हे), आणि गरज पडल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया. प्रत्येकीला सगळेच लागू पडत नाही, एखादे बदलून पाहावे लागते. औषधे सुरू करण्यासाठी दरवेळी दुर्बीण घालून खात्री करावीच लागते असेही आता राहिलेले नाही.

तेल आधीच घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, बाटली सोबत आणा. आम्ही पोलीस नाही. दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा: किती दिवस दुखले, किती गोळ्या लागल्या, कामावर किंवा शेतावर किती खाडे झाले. सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून करता येते. पुढे औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससून आहे. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाहीच असे समजू नका, कारण ओटीपोटातले बारीक ठिपके तिच्यात बहुधा दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आणि दुखणे तसेच असेल, तर तोच रिपोर्ट घेऊन पुन्हा या.