वूकॉमर्स

वूकॉमर्स : वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीला जोडून संकेतस्थळाचे ऑनलाइन दुकानात रूपांतर करणारे प्लगिन. मूळ प्रणालीच्या आज्ञावलीत फेरफार न करता तिला नवे कार्य जोडून देणाऱ्या पूरक आज्ञावलीस प्लगिन म्हणतात. वूकॉमर्समुळे संकेतस्थळावर मालाची मांडणी, किंमत, साठा, कर, वाहतूक खर्च, पैशाचा भरणा आणि ग्राहकाच्या मागणीची, म्हणजे व्यवहारात जिला ऑर्डर म्हणतात तिची, नोंद ही कामे होऊ लागतात. मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन बाजारपेठेत विक्री करणे हे दुसऱ्याच्या मंडईत गाळा घेण्यासारखे आहे. तेथे ग्राहक, त्याचा पत्ता व विक्रीचे नियम बाजारपेठेच्या ताब्यात राहतात आणि विक्रीमागे बहुधा अडत द्यावी लागते. वूकॉमर्सच्या दुकानात हे सर्व दुकानदाराच्या हाती येते. परंतु बाजारपेठ जी कामे पडद्याआड पार पाडते, तीही त्याच्याच अंगावर पडतात. त्यांपैकी सर्वांत जोखमीचे काम म्हणजे पैसा, माल व नोंद या तिहींचा मेळ राखणे.

इतिहास : मिशेल वाल्ड्रिगी यांच्या ‘बीटू’ या आज्ञावलीच्या आधारे मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. प्लगिन जोडण्याची सोय २००४ मधील १.२ या आवृत्तीत आली. आदी पिनार, मार्क फॉरेस्टर (दोघे दक्षिण आफ्रिका) व मॅग्नस येपसन (नॉर्वे) यांनी २००८ मध्ये वूथीम्स ही संस्था स्थापिली. प्रारंभी ती संकेतस्थळांचे तयार आराखडे विकत असे. जिगोवॉट या ब्रिटिश कंपनीच्या जिगोशॉप या प्लगिनची संकेतावली घेऊन वूथीम्सने सप्टेंबर २०११ मध्ये वूकॉमर्स प्रसिद्ध केले. जिगोशॉपवर काम करणारे माइक जॉली व जेम्स कोस्टर हेही वूथीम्सकडे आले. यावरून त्या वेळी बरीच नाराजी व्यक्त झाली. तथापि जीपीएल या मुक्त परवान्यानुसार संकेतावलीची प्रत घेणे, ती बदलणे व पुन्हा वाटणे याची सर्वांस मुभा असल्याने या कृतीत बेकायदेशीर असे काही नव्हते. २०१५ मध्ये मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक या कंपनीने वूथीम्स विकत घेतली. वूकॉमर्सचा परवाना आजही जीपीएल हाच असून मूळ प्लगिन विनामूल्य मिळते. ‘विनामूल्य’ हे विशेषण मात्र जपून घ्यावे : संकेतस्थळाचे नाव, सर्व्हरचे भाडे, पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचे शुल्क व अनेक पूरक प्लगिनांची वार्षिक वर्गणी हा खर्च उरतोच.

उभारणी : पीएचपी ही भाषा व मायएसक्यूएल अथवा मारियाडीबी हा विदासंग्रह चालविणारा सर्व्हर, त्यावर वर्डप्रेस आणि सांकेतिक दळणवळणासाठी लागणारे सुरक्षा प्रमाणपत्र, एवढी पूर्वतयारी पुरते. प्लगिन कार्यान्वित होताच दुकान, कार्ट, चेकआउट व ग्राहकाचे खाते ही पाने आपोआप तयार होतात. दुकानाचा पत्ता, चलन व मोजमापाची एकके भरल्यावर मालाची नोंद करता येते. भारताची राज्ये व रुपया हे चलन प्लगिनमध्ये आधीपासूनच आहेत.

माल साधा, समूहात विकावयाचा, अन्य संकेतस्थळावर विकला जाणारा किंवा विविध प्रकारांत मिळणारा, असा असू शकतो. शेवटच्या प्रकारात विशेष काळजी लागते. उदा., कोल्हापुरी चपलेचा एकच नमुना तीन रंगांत व सात मापांत मिळत असेल, तर प्रत्यक्षात २१ वस्तू असतात आणि प्रत्येकीची किंमत, सांकेतिक क्रमांक व साठा स्वतंत्र नोंदवावा लागतो. या कामाचा कंटाळा करून सर्वांचा साठा एकत्र दाखविल्यास फडताळात नसलेले माप विकले जाते.

मालाचे नाव व वर्णन देवनागरीत देता येते. तथापि नावावरून त्या पानाचा जो पत्ता तयार होतो, तो २०० चिन्हांपुरताच मर्यादित असतो आणि संगणकीय रूपांतरात देवनागरीच्या एकेका चिन्हास नऊ जागा लागतात. काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जात असल्याने सुमारे २२ चिन्हांनंतर मराठी पत्ता तुटतो. नाव मराठीत ठेवून पत्ता हाताने आखूड करणे हा यावर सोपा उपाय आहे.

वाहतूक व कर : वाहतुकीचे दर प्रदेशवार ठरवितात. प्रदेशांची यादी वरून खाली तपासली जाते व ग्राहकाचा पत्ता ज्या प्रदेशात प्रथम बसेल त्याचा दर लागतो. म्हणून लहान प्रदेश वर व मोठा खाली ठेवावा लागतो. पिनकोडच्या आरंभीच्या अंकांवरूनही प्रदेश ठरविता येतो. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ या अंकांनी सुरू होतात हे खरे. पण ४०३ने सुरू होणारे पिनकोड गोव्याचे आहेत. ‘४०ने सुरू होणारे सर्व’ असा नियम केल्यास पणजीच्या ग्राहकासही महाराष्ट्राचाच वाहतूक दर लागतो.

१ जुलै २०१७ पासून भारतात वस्तू व सेवा कर लागू आहे. राज्यांतर्गत विक्रीवर तो केंद्र व राज्य अशा दोन समान भागांत, तर आंतरराज्य विक्रीवर एकात्मिक स्वरूपात आकारतात. वूकॉमर्सच्या करकोष्टकात प्रत्येक दरास प्राधान्यक्रमांक द्यावा लागतो आणि एका क्रमांकाचा एकच दर लागू होतो. समजा, दुकान महाराष्ट्रात असून कराचा दर ५ टक्के आहे. अशा वेळी महाराष्ट्रासाठी २.५ टक्क्यांचे दोन दर अनुक्रमे १ व २ या क्रमांकांनी आणि उर्वरित देशासाठी ५ टक्क्यांचा दर १ या क्रमांकाने नोंदवावा. दोन्ही अर्ध्या दरांना एकच क्रमांक दिल्यास निम्माच कर आकारला जातो व उरलेला दुकानदारास पदरचा भरावा लागतो. एकात्मिक करास ३ हा क्रमांक दिल्यास महाराष्ट्रातील ग्राहकाकडून दुप्पट कर घेतला जातो. प्लगिन यांपैकी कोणत्याच चुकीची सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही मांडण्या निर्दोष असतात. केवळ मालाची विक्री करणाऱ्यास महाराष्ट्रात वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः कर-नोंदणी सक्तीची नाही. परंतु काही हस्तकला-वस्तूंसारखे अपवाद वगळता करपात्र माल परराज्यात विकताच ही सवलत राहत नाही. ऑनलाइन दुकानास परराज्यातील ग्राहक पहिल्याच आठवड्यात मिळू शकतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

मागणीचा प्रवास : वस्तू कार्टमध्ये टाकल्याने ती राखून ठेवली जात नाही. ग्राहकाने चेकआउट पूर्ण केल्यावर मागणीची नोंद होते आणि भरणा होईपर्यंत ती ‘प्रलंबित’ असते. या काळात माल तात्पुरता राखीव राहतो. मूळ मांडणीत ही मुदत ६० मिनिटांची असते. भरणा झाल्यावर मागणी ‘प्रक्रियेत’ जाते व साठा घटतो. बँकेत थेट पैसे भरण्याचा पर्याय निवडल्यास ती ‘स्थगित’ राहते. माल पोहोचल्यावर रोख रक्कम देण्याच्या पर्यायात पैसा हाती नसतानाही ती लगेच प्रक्रियेत जाते. या दोन्ही पर्यायांत साठा तत्काळ कमी होतो. माल रवाना झाल्यावर दुकानदार मागणी ‘पूर्ण’ करतो.

कार्ड वा यूपीआयने होणारा भरणा पेमेंट गेटवे म्हणविणाऱ्या कंपनीमार्फत येतो व येथेच या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक सांधा आहे. ग्राहक पैसे भरतो ते गेटवेकडे. मागणी नोंदलेली असते ती दुकानाच्या सर्व्हरवर. मोबाइलवर यूपीआयने पैसे दिल्यावर अनेक ग्राहक दुकानाच्या पानावर परततच नाहीत. म्हणून गेटवेचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला स्वतंत्र संदेश पाठवून भरणा झाल्याचे कळवितो. सुरक्षेसाठी बसविलेल्या एखाद्या प्लगिनने हा संदेश परका समजून अडविला किंवा त्या क्षणी सर्व्हर बंद असला, तर मागणी प्रलंबितच राहते. पुढे तासाभराची मुदत संपते, मागणी रद्द होते, राखीव माल मोकळा होतो व दुसरा ग्राहक तो घेतो. पहिल्या ग्राहकाच्या खात्यातून मात्र पैसे गेलेले असतात. या ठिकाणी कोणी फसवणूक केलेली नसते. तरीही ग्राहकास ती फसवणूकच वाटते व तसे वाटण्यात त्याची चूक नसते. यासाठी गेटवेचा हिशेब व दुकानातील मागण्या रोज पडताळणे अत्यावश्यक आहे. जुन्या पेढ्यांवर दिवस मावळताना रोकड व रोजकीर्द जुळविल्यावाचून गल्ला बंद करीत नसत, तोच हा प्रकार होय. गेटवेच्या चाचणी-व्यवस्थेत मागणी यशस्वी झाली, एवढ्यावर विसंबू नये. दुकान खुले करण्यापूर्वी स्वतः अल्प किमतीची खरी खरेदी करावी, पैसे भरताच पान बंद करावे आणि मागणीची अवस्था बदलते का ते पाहावे.

परताव्याच्या बाबतीतही असाच भेद आहे. मागणीची अवस्था केवळ ‘परतावा दिला’ अशी बदलल्याने किंवा परतावा हाताने नोंदविल्याने ग्राहकास पैसे मिळत नाहीत. ते गेटवेमार्फत प्रत्यक्ष पाठवावे लागतात. परत आलेला माल साठ्यात पुन्हा जमा करावयाचा की नाही, हेही दुकानदारानेच सांगावयाचे असते. फाटलेले पार्सल पाहून हा निर्णय माणूसच घेऊ शकतो.

देखभाल : संकेतस्थळ जलद उघडावे म्हणून तयार पाने साठवून ठेवून तीच सर्वांना दाखविण्याची पद्धत आहे. लेखांच्या संकेतस्थळास ती उपकारक असली, तरी कार्ट, चेकआउट व खाते ही पाने तिच्यातून वगळावी लागतात. अन्यथा एका ग्राहकाचा पत्ता दुसऱ्याच्या दृष्टीस पडू शकतो. राखीव प्रतीचेही असेच आहे. लेखांचे संकेतस्थळ बिघडल्यास कालची प्रत पूर्ववत बसविता येते. दुकानात तसे केल्यास आज आलेल्या मागण्या पुसल्या जातात, त्यांचे पैसे मात्र जमा झालेले असतात. म्हणून निदान विदासंग्रहाची प्रत थोड्या थोड्या अवकाशाने घेणे व नव्या आवृत्तीची चाचणी दुकानाच्या वेगळ्या प्रतीवर करणे इष्ट ठरते. नव्या आवृत्त्या टाळणेही परवडत नाही. जुलै २०२१ मध्ये वूकॉमर्समध्ये विदासंग्रहातील माहिती उघड होऊ शकेल असा गंभीर दोष आढळला, तेव्हा दुरुस्ती अनेक संकेतस्थळांवर आपोआप पाठविण्यात आली होती.

दीर्घकाळ मागण्यांची नोंद वर्डप्रेसच्या लेखांसाठी असलेल्या कोष्टकांतच होत असे. मागण्या वाढल्या की दुकान मंदावण्याचे ते एक कारण होते. ऑक्टोबर २०२३ मधील ८.२ या आवृत्तीपासून नव्या दुकानांत मागण्यांसाठी स्वतंत्र कोष्टके वापरली जातात. ठरावीक वेळी करावयाची कामे मात्र मूळ मांडणीत कोणी संकेतस्थळास भेट दिली तरच सुरू होतात. ज्या दुकानात रात्रभर कोणी फिरकत नाही, तेथे मुदत संपलेली मागणीही सकाळपर्यंत तशीच पडून राहू शकते.

कायदेशीर बाबी : स्वतःचा माल स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्यासही ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० लागू होतात. त्यांनुसार व्यवसायाचे कायदेशीर नाव व पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव संकेतस्थळावर देणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारास ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. आवेष्टित मालावरील कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन इ. तपशील १ जानेवारी २०१८ पासून संकेतस्थळावरही दाखवावे लागतात. वूकॉमर्समध्ये या सर्वांसाठी तयार रकाने नसल्याने ते मालाच्या वर्णनात किंवा गुणधर्मांच्या तक्त्यात भरतात.

दुकान अन्यत्र हलवावयाचे झाल्यास मालाची यादी तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येते आणि संपूर्ण विदासंग्रह, मागण्या व ग्राहकांसह, दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतो. ग्राहकांचे सांकेतिक शब्द रूपांतरित स्वरूपात साठविलेले असतात. त्यामुळे दुसरा सर्व्हरही वर्डप्रेसचाच असल्यास ते आहेत तसे चालतात, पण वेगळ्या प्रणालीत जाताना प्रत्येक ग्राहकास बहुधा नवा शब्द निवडावा लागतो.