तुकडा काढला, चिरेचे काय?

मणक्यातली गादी सरकल्यावरची नेहमीची शस्त्रक्रिया नसेवर दाब देणारा तुकडा काढते, पण गादीच्या तंतुमय कड्याला पडलेली चीर तशीच राहते. गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसल्याने ही चीर नीट भरत नाही आणि काही रुग्णांत उरलेला गर पुन्हा त्याच वाटेने बाहेर येतो. म्हणून चीर बुजवणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा. कॉर्नेल विद्यापीठातील लॉरेन्स बोनासार आणि न्यूरोसर्जन रॉजर हार्टल यांच्या गटाने त्यासाठी दाट कोलॅजेनचे जेल वापरले. त्यात रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, मिसळतात. निळा प्रकाश पडला की कोलॅजेनचे धागे एकमेकांना जखडतात आणि जेल चिरेतच घट्ट होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंढ्यांवरील प्रयोगात आत हायल्युरॉनिक आम्लाचे जेल आणि कड्यावर हे कोलॅजेन, अशी दुहेरी दुरुस्ती ६ आठवडे उपयोगी ठरली.

इतक्या खोलवर प्रकाश कसा पोचणार? शस्त्रक्रियेत वाट आधीच उघडी असते, त्यामुळे हा अडसर मोठा नाही. मेंढी चार पायांवर चालते आणि ६ आठवडे फार थोडे, हा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. माणसाची गादी वर्षानुवर्षे भार पेलते. तिथला निकाल दीर्घ मानवी चाचण्याच देतील. सरकलेल्या गादीचे दुखणे बहुतेकांत शस्त्रक्रियेविनाही कमी होते. तेव्हा जेलने गादी नवी करून देण्याचे आश्वासन कुणी दिले, तर आधी मानवी चाचणीचा पुरावा मागा.