जमिनीवरून वीज, आकाशात एअरशिप

हेलियमने भरलेल्या एअरशिपला तरंगायला इंधन लागत नाही. ते लागते वाऱ्याशी झुंजत एका जागी टिकायला. ही ऊर्जा जमिनीवरून मायक्रोवेव्ह लहरींनी पाठवता येते. विल्यम ब्राउन यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत एक छोटे हेलिकॉप्टर असेच दहा तास उडवत ठेवले. त्याला ‘रेक्टेना’ जोडला होता, म्हणजे लहरी पकडून त्यांची थेट डीसी वीज करणारा अँटेना. एअरशिपचे पोट तर त्यासाठी केवढे ऐसपैस! अडचण रेक्टेनाच्या आणि एअरशिपच्या आवरणाच्या वजनाची. म्हणून ग्राफीनकडे डोळे लागतात. कार्बनचा हा एका अणूइतका जाड पापुद्रा वीज उत्तम वाहून नेतो आणि निर्दोष असेल तर हेलियमलाही अडवतो. मँचेस्टरच्या संशोधकांनी तो चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला, त्याचा शोधनिबंध २००४ चा. एअरशिपला पुरेल एवढा निर्दोष पापुद्रा मात्र अजून बनलेला नाही.