मुलांच्या हातीं रंग

भीति किंवा राग सांगावयाला लहान मुलापाशीं शब्द थोडे असतात. रंगीत खडू मात्र त्याच्या हातीं लगेच चालूं लागतो. याची कठोर कसोटी दुसऱ्या महायुद्धांत लागली. प्रागच्या उत्तरेस तेरेझिन गांवीं नाझींनीं ज्यू कुटुंबें कोंडलीं होतीं. डिसेंबर १९४२ मध्यें तेथें आणलेल्या चित्रकार फ्रीड्ल डिकर-ब्रांडाइस बाई मुलांना चित्रकला शिकवूं लागल्या. कागद इतका दुर्मिळ, कीं कचेरीच्या पाठकोऱ्या कागदांवरहि काम भागवीत. कोणी फुलपाखरें काढी, कोणी सुटलेलें घर, कोणी पहारेकरी. जेथें माणसाचा नुसता आंकडा झालेला, तेथें चित्राखालीं मुलानें स्वतःचें नांव लिहावें, असा बाईंचा आग्रह असे. चित्र सुधारण्याची घाई त्या करीत नसत. ऑक्टोबर १९४४ मध्यें त्यांना ऑश्विट्झला नेऊन मारण्यांत आलें. बहुतेक मुलेंहि वांचलीं नाहींत. मागें दोन पेट्यांत राहिलेलीं सुमारें साडेचार हजार चित्रें आज प्रागच्या ज्यू संग्रहालयांत आहेत.

आपल्या घरांत संकटें एवढीं नसतात; पण धाकटें भावंड आलें, शाळा बदलली, आजोबा गेले, कीं मूल गप्प होतें. तेव्हां छापील आकृति रंगविण्यास देण्यापेक्षां कोरा कागद द्यावा. त्यानें सूर्य काळा केला, तर हटकूं नये. (आम्हां जुन्या मास्तरांना लाल शाई आवरत नाहीं, म्हणून मुद्दाम सांगतों.) "येथें काय चाललें आहे, सांग बघूं," एवढेंच विचारावें. काळ्या सूर्यावरून मनाचें निदान मात्र करूं नये. पिवळा खडू मोडलेला असेल.